पोपटीला की पोपटीत

…आणि तरी लोक मलाच हसतात! अजून हसतात! रोह्याच्या बाजारात नुसता भाजी घ्यायला उभा राहिलो तरी मागून कोणीतरी म्हणतंच, "काय गुरुजी, चतुर्थी की सप्तमी?" अहो, एक पत्रक लिहिलं मी, एकच, चौऱ्याण्णव साली! तीस वर्षं पोरांना मराठी शिकवलं ते कोणाच्या ध्यानात नाय, आणि एक विभक्ती सटकली ती सगळ्या तालुक्याला तोंडपाठ. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

तर तेव्हा दर जानेवारीत आमच्या गावच्या सार्वजनिक बागेत पोपटी लागायची. तुम्हाला पोपटी सांगायला नको, पण मागे ते मुंबईचे पाहुणे बसलेत ना, त्यांच्यासाठी सांगतो… मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये चार बटाटे, तोंडाला परत पाला दाबायचा, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाय, तेलाचा थेंब नाय. आणि वास! अहो, तो वास स्टँडपर्यंत जायचा, एसटीतले लोक उतरायचे नाय ते उतरायचे! आता बोलताना सुद्धा… जाऊ दे.

ही पोपटी लावायची कोणी? निडी गावच्या कान्हूभाऊने. दुसऱ्या कोणाला मडक्याला हात लावू द्यायचा नाय. मडक्यावर पाण्याचे चार थेंब उडवायचा, चुर्र आवाज ऐकायचा, आणि आम्ही सगळे आ वासून बघतोय तर हा मान हलवणार, "नाय अजून. घाई करू नका रं." आम्ही गप्प! हेडमास्तरसुद्धा गप्प! कारण काय, बाग व्हायच्या आधी तिथे कान्हूभाऊच्या बापाचं वालाचं शेत होतं. बापाने राजीखुशीने बागेला दिलं. कान्हूभाऊ मला म्हणायचा, "मास्तर, वर्षातून एक दिस बापाच्या जमिनीत जाळ घालाय मिळतो. तेवढा एक दिस माझा हाय." बाकी तीनशे चौसष्ट दिवस तिथे पाटी होती, 'गवतावर चालू नये.'

आणि ते गवतच मुळावर आलं! बागेच्या समितीचे अध्यक्ष दिनानाथराव. त्यांनी नवी हिरवळ लावली, आणि लागले कुरकुरायला. "गुरुजी, जाळाने हिरवळ करपते हो. आणि येतं कोण? तीच तुमची गाववाली मंडळी! कंपनीच्या कॉलनीतलं एक माणूस फिरकत नाही. यंदा कॉलनी आली तर पोपटी राहील, नाहीतर पुढल्या वर्षीपासून बंद!"

कान्हूभाऊचं तोंड एवढंसं झालं. मला राहवलं नाय. म्हटलं, भाऊ, घाबरू नको, मी पत्रक लिहितो, कॉलनी धावत येईल! लिहिलं. कान्हूभाऊ शेजारी उकिडवा बसलेला. म्हणाला, "मास्तर, 'समद्यांनी पोपटीला यावं' असं लिवा." आता मी मराठीचा शिक्षक! म्हटलं, "भाऊ, 'बागेला', 'कॉलनीला', 'पोपटीला', किती ते ला ला ला! सप्तमी घालू, भारदस्त वाटतं." आणि लिहिलं, 'सर्वांनी सहकुटुंब पोपटीत यावे.' पोपटीत म्हणजे पोपटीच्या कार्यक्रमात! आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळेल. आता यात माझं काय चुकलं, सांगा!

दोन दिवसांनी कॉलनीच्या महिला मंडळाच्या वत्सलाबाई शाळेत. नुकत्याच बदली होऊन आलेल्या, लांबच्या, आणि बोलणं कसं, अगदी इस्त्री केलेलं. "गुरुजी, पोपटीत अगदी सगळ्यांनीच यायचं का हो?" म्हटलं, सगळ्यांनीच! "पुरुषांनीसुद्धा?" अहो, पुरुषांनाच जास्त आवडते! बाई जरा मागे सरकल्या. "आणि… जुनी चालेल?" म्हटलं, छे छे, जुनी काय कामाची? याच मोसमातली पायजे, ताजी! "म्हणजे नवीनच घ्यावी लागणार?" म्हटलं, पेणच्या बाजारात ढीग पडलेत, हवी तेवढी घ्या! "आमच्या साहेबांना शोभेल का पण?" आता हे 'शोभेल' ऐकून तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता की नाय? नाय पडला! मी म्हणतो कसा, "बाई, साहेबांनी एकदा घेतली ना, तर दर वर्षी मागतील!"

आणि तो दिवस उजाडला. उन्हं कलली, कान्हूभाऊने पाच मडकी पालथी घातली, जाळ धरला, आणि फाटकाकडे बघत बसला. येतंय का कोण? येतंय का? आणि आली हो कॉलनी! सगळीच्या सगळी! पोपटी साड्या, पोपटी झंपर, पोपटी फ्रॉक, आणि सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून, पोपटी सदऱ्यात, साक्षात मॅनेजरसाहेब! बागेत अशी हिरवळ मी जन्मात बघितली नाय!

कान्हूभाऊ हरखला. "मास्तर, आली की! पर ही समदी पोपटावाणी का?" मला तिथल्या तिथे घाम फुटला. मी म्हटलं, "त्यांच्यात… त्यांच्यात तशी पद्धत असेल." मग काय सांगू?

मडकी उतरली. शेंगा पत्रावळीवर पडल्या, वाफ उठली, गाववाले तुटून पडले, आणि वत्सलाबाई लांबून, "अय्या, शेंगापण आहेत का? नको हो, साडीला काजळी लागेल." कान्हूभाऊ हातात पत्रावळ घेऊन पोपटी माणसांमागून फिरतोय, "खावा की, खाऊन तर बघा…" आणि ते मागे मागे सरतायत. दोघाचौघांनी खाल्ल्या, आणखी मागितल्या, नाय असं नाय. पण मला त्याच्या हाताकडे बघवेना.

इकडे दिनानाथरावांनी माईक धरला. "वा वा वा! पोपटीला कॉलनीचा एवढा प्रतिसाद! मी जाहीर करतो, पोपटी बागेत दर वर्षी होणार, कायमची होणार!" कान्हूभाऊने मला मिठीच मारली. "मास्तर, राहिली! माझी पोपटी राहिली!" डोळ्यांत पाणी त्याच्या. आणि माईकवरून पुढचं वाक्य आलं, "फक्त धुराने कपडे खराब होतात, म्हणून ती मडकी तेवढी बंद."

मिठी सुटली.   कान्हूभाऊने राख गोळा केली, मडकी पोत्यात घातली आणि निघून गेला.

मला वाटलं, संपलं. हा आता बागेचं तोंड बघणार नाय. पुढच्या जानेवारीत बागेत पोपटी दिवस, माईक, खुर्च्या, वेषभूषा स्पर्धा… आणि फाटकातून कोण यावं? कान्हूभाऊ! पोपटी सदरा, पोपटी टोपी, सोबत त्याची बायको, धोंडुवहिनी, पोपटी लुगड्यात! मी धावलो. "भाऊ, तू? असा?" तर म्हणाला, "मास्तर, बापाच्या जमिनीवर यायचं तर यांच्या रंगात यायला लागतं. तर आलो. तुमीच लिवलं व्हतं ना, पोपटीत यावं?"



आणि पुढे ऐका, पहिला नंबर कोणाचा? कान्हूभाऊचा! टाळ्या कडकडल्या, वत्सलाबाईंच्या हस्ते बक्षीस मिळालं. बक्षीस काय? प्रेशर कुकर! आता दर जानेवारीत धोंडुवहिनी त्याच्यात शेंगा लावतात, कान्हूभाऊ समोर बसून शिट्ट्या मोजतो, आणि मी गेलो की ताटली पुढे सरकवून म्हणतो, "खावा मास्तर. सप्तमीतल्या हायत."