पिवळ्या फुलाची सोयरीक

...नाही, पण मी म्हणतो, दोरा दिसला की सोडायचाच, हा कुठला न्याय? तुम्हाला सांगतो, शाळा आपल्याच्यानं झाली नाही, पण अडेनियमच्या फुलांची सोयरीक जुळवण्यात या गल्लीत माझा हात धरणारा कोणी नाही! माझ्याकडे झाडं दोन, एक पिवळं, एक काळपट लाल. दोघांच्यातून पिवळं फूल काढायचं, काळ्या किनारीचं, कुणाच्या बापाकडे नाही असं! पण पराग बसतो फुलाच्या घशात दडून. श्वास रोखून, नातीच्या रंगाच्या ब्रशानं इथला उचलायचा, तिथं टेकवायचा... आणि नेमकी तेव्हाच आमची ही येणार, "अहो, फुलाचे दात घासून झाले असतील तर दूध आणा!" अरे, सोयरीक जुळवणं म्हणजे पोरखेळ आहे का?

पण धरली! शेंग धरली, बैलाच्या शिंगांसारखी, जोडीनं! आता ही पिकली की फटकन उलते, आणि आतल्या बियांना दोन्ही टोकांना शेंड्या, वारा लागला की चालल्या! म्हणून मी दोरा गुंडाळला. शहाणा माणूस गुंडाळतोच! जरा दाढीला जाऊन आलो, तर दोरा हिच्या हातात. "बिचारीचा गळा आवळला होता हो तुम्ही!" शेंग उललेली, आणि वर पंखा गरागरा! सगळ्या बिया गॅलरीतून खाली, मी हात पसरून मागे, आणि ही म्हणते, "उशी फाटली वाटतं." उशी! सोयरीक जुळवणं म्हणजे पोरखेळ आहे का?

खाली राहतो वकील. माझ्या कुंड्यांचं पाणी त्याच्या वाळत्या शर्टांवर पडलं तेव्हापासून बोलणं बंद. बिया उडाल्याला वर्ष उलटलं, आणि काल सहज खाली वाकतो तर काय... त्याच्या मेलेल्या गुलाबाच्या कुंडीत पिवळं फूल, काळी किनार, माझ्या डोक्यात होतं तस्संच! तडक खाली गेलो. म्हटलं, "हे माझं आहे."

"काका, कुंडी माझी, माती माझी, पाणी घालतो मी. पुरावा?"

म्हटलं, "पुरावा कसला मागतोस? रंग आईचा, किनार बापाची, डोळे फुटले का तुझे?"

तर हसतो! "बरं, येत जा बघायला. पण आधी फोन करा. आणि वरून पाणी सांडायचं नाही."

मी! फोन करून! माझ्याच फुलाला बघायला!

...हो म्हणून आलो. करता काय? एवढी सोयरीक जुळवली, आणि शेवटी आपण ठरलो मुलीकडचे.