रविवारची बॅच

— नाई नाई, कापडाले मी नाव नाई ठेवत, कापड चांगलं हाय तुहं. धुतलं की आटन थोडंसं, ते मी धरून घेतो. पन तू मले दुसरंच विचारून राह्यली ना, लीलाबाई, पोरीसाठी कोनता क्लास चांगला. आता मी छाया टेलर हाय, मी काई कराटेची मास्तरीन नाई. पन विचारलंच हाय त सांगतो. या पिपरीत अन् पार वर्ध्यात पोरीयले स्वतःचा बचाव शिकवनारे जेवढे क्लास हायेत, त्या सगळ्यायचे ड्रेस याच मशीनवर शिवले जातेत — अन् ज्याचे कपडे शिवले त्याचं सगळं मालूम पडते बाई, पोट कुठी सुटलं, खांदा कोनता उतरला. बस त्या स्टुलावर. पोरीले बलाव ना आत. नाई येत म्हनते? बरं, बसू दे स्कुटीवर. आठवीतल्या पोरी अशाच राह्यतेत, दुकानात याले लाजतेत.

त पह्यला घे तो नाक्यावरचा. कराटेवाला. मोठा बोर्ड, बोर्डावर सरचा फोटो, हवेत उडून राह्यला. दर तीन महिन्याले परीक्षा, परीक्षा झाली की नवीन रंगाचा पट्टा — पिवळा, हिरवा, तपकिरी. ते पट्टे कोन शिवते? मी. अन् यादी कधी येते माह्याजवळ? परीक्षेच्या आठ दिवस आधी. नावासकट. कोनाले हिरवा, कोनाले तपकिरी. समजली? पेपर व्हाच्या आधी रिझल्ट माह्या टेबलावर पडला राह्यते. मी एकदा सरले म्हटलं, सर, एखादी नापास झाली त? त हासला. म्हने, मावशी, नापास केली त पोरगी क्लास सोडते. तुले सांगतो, मले किळसच आली. काल आलेली काडीपैलवान पोट्टी, कमरेले हिरवा पट्टा, माय फोटो काढून स्टेटसले ठेवते — माही वाघीन. कायची वाघीन बाप्पा.

मंग तो दुसरा, मंगल कार्यालयातल्या हॉलमधला. त्याचं नाव मले आजवर धड घेता येत नाई, नुसत्या लाथा मारतेत तिथं. लगनसराईत बंद. तुळशीचं लगन लागलं की क्लासले सुट्टी, हॉल बुक. म्हनजे चार महिने पोरीयनं बचाव नाई कराचा. अन् लाथ मारायच्या आधी दोघंबी समोरासमोर वाकून नमस्कार करतेत. शिस्त म्हने. आता रस्त्यातला मवाली काय नमस्काराले थांबते का? — हास, हास तू. मलेबी हासू ये पह्यले.

शाळेत झालं ते शिबिर तुह्या पोरीनं केलं असन. दहा दिवसाचं. मी सव्वाशे टी-शर्टायच्या बाह्या मारल्या त्याच्या. दहा दिवसाचं होतं ते तीन दिवसात उरकलं, चौथ्या दिवशी कोनी पाव्हना येनार होता म्हनून पोरी गानं बसवत होत्या, दहाव्या दिवशी सर्टिफिकेट अन् पेपरात फोटो. विहारातल्या पोरी लाठी शिकतेत, कमलाबाई शिकवते त्यायले, तिचं मात्र मी नाव घेतो — फी नाई, बोर्ड नाई, फोटो नाई, पोट्ट्या घामानं निथळेपर्यंत सोडत नाई. पन लाठी पोरगी नेईन कुठी? वर्गात नेईन? सैपाकघरात नेईन?

अन् तुले एक गोष्ट दिसली का, या सगळ्यायच्या पोस्टरवर तोच एक मानूस राह्यते. काळं जाकीट, तोंडाले रुमाल, हातात चाकू. अंधारातून येते. पन्नाशी गाठली मी, असा मानूस मी एक डाव नाई पाह्यला. समुद्रपूरच्या गाडीत पाह्यला नाई, बजाराले पाह्यला नाई, कुठीच पाह्यला नाई. सगळे क्लास त्याच्याच बंदोबस्ताले निघाले. अन् जे मानसं — जाऊ दे. दोरा सरला थांब.

माही रुचिका तुले आठवते ना? हो, तीच, केस बारीक कापलेली. तिनं शिकलं ना कराटे. दोन वर्स. कॉलेजच्या पह्यल्या वर्साले गेली अन् एक दिवस जेवता जेवता म्हनते, आई, मले कराटे शिकाचं हाय. मी म्हटलं शिक. इथंच आपल्या गल्लीच्या मागं क्लास होता, मंगळवार-शुक्रवार. तिनं नाई म्हटलं. तिनं आर्वी नाक्याच्या तिकडचा काढला शोधून, दोन ऑटो बदलून जा लागे, रविवारी सकाळी दहा ते एक. मी म्हटलं, अवं रविवारी त मानूस घरी राह्यते. म्हने, तोच चांगला हाय. मी सगळ्यायले सांगत फिरली — पाहा पोरीची जिद्द, रविवारची झोप सोडून जाते. पावसात गेली, उन्हात गेली, ताप होता अंगात तरी गेली. अन् एक वाजता सुटली तरी दोन-दोन वाजेपर्यंत याची नाई. मी म्हनो, प्रॅक्टिस करत असन.

रविवारी आंजीहून हेमराज ये ना. हेमराज म्हनजे माहा भाऊ, मोठा. हे दुकान त्यानंच उभं करून देल्लं, माहा मालक, रुचिकाचा बाप, गेला तेव्हा. नात्यातले सगळे दारावरून परत गेले, हा एकटा आत आला. त तो ये — वांगे आनो, तुरीच्या शेंगा आनो, कधी हात हलवत नाई आला — अन् आल्या आल्या विचारे, भाची कुठी हाय व? पाया पडाचं हाय. आपल्यात मामा भाचीच्या पाया पडते, तुमच्याकडंबी असनच. भाची म्हनजे देवी. तो थांबून राहे, हातपाय धुऊन, टोपी नीट करून. मले इतकं बरं वाटे, की बाप नाई पोरीले पन मान ठेवनारा मामा हाय. मी फोन करो तिले, अवं ये लवकर, मामा उपाशी थांबला हाय. रागवो मी. आलीच त दारातच उभी राहे, पिशवी पोटाशी धरून.

मंग मागच्या वर्साच्या आधीच्या वर्सी स्वप्निलचं साक्षगंध, साखरपुडा, निघाला, हेमराजच्या पोराचा. आंजीले. दुपारची वेळ, मांडव, दोनशे-अडीचशे मानूस, अर्धी पंगत बसली, अर्धी उठून राह्यली. हेमराज नवे कपडे घालून सगळ्यायच्या भाच्यायच्या पाया पडत येऊन राह्यला. रुचिकाजवळ आला. वाकला. अन् तिनं एक पाऊल मागं घेतलं, कंबर फिरवली — मी ड्रेस शिवतो ना, त मले माहीत, त्या लाथेसाठी घेर मोठा ठेवा लागते — अन् हानली त्याच्या छातीत. तो गेला उलटा वरनाच्या गंजावर, भरल्या पातेल्यावर. नव्या सदऱ्यावर सगळं पिवळं. एक लेकरू हासलं अन् चूप झालं.

मी काय केलं असन, सांग. तू माय हायेस, तू सांग. — नाई, काऊन मारली हे नाई विचारलं मी तिले. इथंच त हाय ना. दोनशे मानूस पाहून राह्यलं, माहा भाऊ वरनात पडला, माही वहिनी रडून राह्यली, कोनी म्हने पोरीले हवा लागली, कोनी म्हने अजून पाठवा कराटेले. मी गेली अन् पोरीच्या कानाखाली वाजवली. दोन. अन् तेवढ्यावर नाई थांबली मी. मी तिची मान धरली, अन् म्हटलं, पाया पड मामाच्या, माफी माग. आपल्यात भाचीनं मामाच्या पाया पडाचं नसते व. भाचीले पाया पाडलं त मामाले पाप लागते. मी पाडलं. सगळ्यायसमोर.

तपकिरी पट्टा होता तिचा. मागून मान धरली त काय कराचं, हे तिनं माह्यावरच करून दाखवलंतं एकदा, घरी, हासत हासत — माहं मनगट असं फिरवलंतं की मी चहाच टाकून देल्ला हातातला. त्या दिवशी नाई फिरवलं. लाकडासारखी कडक झालती, पन हात नाई उचलला तिनं. मायवर नाई उचलला. वाकली.

मंग आमी निघालो. वर्ध्याच्या गाडीत ती खिडकीशी, मी बाजूले. अर्ध्या रस्त्यात मले म्हनते, हळूच, जशी दुसऱ्या कोनाची गोष्ट हाय — आई, मले कराटे नव्हतं शिकाचं. मले रविवारी घरी नव्हतं राह्याचं. बस. मंग म्हने, तो पाया पडता पडता हात कुठपर्यंत आनते, तुले कधी दिसलंच नाई का?

दिसलं नाई म्हटलं मी. — तुले खरं सांगू? दिसलंतं. एकदा, चहाचे कप आनता आनता. मी मनात म्हटलं, तोल गेला असन, म्हातारा मानूस हाय. बावन वर्साचा होता, म्हातारा कायचा. शेतात दिवसभर डवरा धरते, त्याचा तोल नाई जात. पन मी तोल गेला म्हनून टाकलं अन् कप ठेवले. दोन कपायत साखर जास्ती झालती, तेबी आठवते मले, अन् हे विसरून गेली म्हनो मी. मले क्लासवाल्यायची किळस येते म्हनतो ना मी? त्यायचं काय. ते खोटे पट्टे देतेत, देऊ दे.

पोरगी? नागपूरले हाय ती. नोकरी करते, खोलीवर राह्यते मैत्रिनीसोबत. शेजारच्या यशोदाबाईले फोन करते, माहं बीपी विचारते, माह्याशी नाई बोलत. अन् हेमराज, त्याच्या पुढच्या रविवारी हेमराज आला ना. जसं काई झालंच नाई. भेदरं, टमाटे घेऊन आला. म्हने, पोर हाय, अक्कल येईन. अन् मी चहा ठेवला. का ठेवला? हात गेला गॅसकडं, ठेवला. — आता येत नाई, आता मी त्याले — नाई. खोटं कायले बोलू तुह्यासमोर. मागच्या राखीले आलता. बांधली मी. ओवाळलं. तो गेल्यावर ताट तीन डाव घासलं, राखेनं घासलं, तरी ते मले हाती धरवे ना, शेवटी भांडेवालीले देऊन टाकलं. ताट देऊन टाकलं मी, एवढी माही हिंमत.

तू त रडाले लागली. नको रडू, तुले कोनी काई म्हटलं नाई. पानी पे. आन ते कापड इकडं, पाहू दे. बरं, तू म्हनतं दोन क्लासायमध्ये अटकली. एक हा नाक्यावरचा, पाच मिनिटाचा. अन् दुसरा? सेवाग्राम रस्त्यावरचा? तो केवढा लांब, तिथं कोन म्हटलं जाले? — ती म्हटली. तिनंच. कराटे शिकाचं हेबी तिनंच काढलं? अन् लांबचाच पाह्यजे म्हने. वेळ काय हाय त्याची? चार ते सहा. आठवडाभर, रोज. अन् नाक्यावरचा? सातचा. सातचा तिले नको.

तू बँकेतून कधी येतं घरी? सहाले. अन् शाळा सुटते साडेतीनले. मंग चार ते सहा घरी कोन राह्यते?

विवेक. विवेक म्हनजे दीर तुहा. — हो, पाह्यला मी, उंच, चष्म्याचा, गनपतीत वर्गनीले आलता. तोच गनित शिकवते का तिले? रोज. फोकट.

माह्याकडं काऊन पाहून राह्यली? मी काई नाई म्हटलं. मी नुसती वेळ विचारली, टेलर वेळ विचारतेच, ड्रेस कधी पाह्यजे म्हनून. हे घे कापड. नाई, मी नाई शिवत हे, दुसऱ्या टेलरकडंबी नको नेऊ आज. आज तू बँकेत नको जाऊ, घरीबी नको जाऊ. पोरीले घे अन् जिथं तुमचं कोनी ओळखीचं नाई तिथं नेऊन बसव. क्लास कोनता, फी किती, हे काई विचारू नको. तो लांबचा क्लास काऊन पाह्यजे, एवढंच विचार. अन् ती बोलाले लागली त मधात 'पन' म्हनू नको, 'कधी' म्हनू नको, 'तुले वाटलं असन' त मुळीच नको म्हनू. बस ऐकजो.

— रागावली? रागाव. दीर तसा नाई म्हनतं. बरं. हेमराजबी तसा नाई, आंजीत कोनालेबी विचारून पाह्य.

जाय आता तू.