पलकच्या पंपाचा पासवर्ड

नाही हो दादा, बाहेरचं कुणी घुसलेलं नाही. तुम्ही एवढे पंपाच्या कंपनीतून जळगावपर्यंत आलात, एखादा चोर सापडला असता तर तुम्हालाही बरं वाटलं असतं – पण पासवर्ड मीच वाटला होता. घरच्या ग्रुपवर, पेढे वाटावेत तसा. काय होता? हसू नका हं – सासऱ्यांचं नाव, जवरीलाल, पुढे एक-दोन-तीन. धुळ्याच्या दुकानातल्या वायफायलाही तोच. त्यांचं नाव मी तोंडाने घेत नाही, पण टाइप करायला कुठे काय वाटलं? आणि शिक्षण विचाराल तर एम.एस्सी., तेही कॉम्प्युटरमध्ये. म्हणून विचारू नका.

कळतं ना मला सगळं – दंडावरचा सेन्सर माझ्या लेकीची, पलकची साखर मोजतो, फोनला सांगतो, आणि आपण फोनवरून कमरेच्या पंपाला सांगतो, एवढं इन्सुलिन सोड. त्यांच्या बोलण्यात तिसऱ्याने पडायचं नाही. पण आमच्याकडे तिसरा म्हणायचं कुणाला? धुळ्याच्या घरात ज्याचा हात मोकळा, तो लेकराला भरवतो. मग डोसही तसाच. मलाही तेवढीच झोप मिळायची – हे माझ्या नवऱ्याला, रोनकला सांगू नका, त्याला आधीच वाटतं मी पासवर्ड सोयीसाठी दिला.

त्या रविवारी दाल-बाटी होती, वर चूरमा. पलकने चूरमा मागून खाल्ला. मम्मीजी, म्हणजे सासूबाई, धुळ्याहून इथे आल्यात ना, त्यांनी त्यांच्या फोनवरून डोस दिला. आणि मग – मग दुसरा डोस गेला. तासाभरात पोरगी घामाने चिंब, मान टाकलेली. सहा वर्षांची आहे हो ती. साखरेचं पाणी पाजत पाजत दवाखाना गाठला. आता ठीक आहे, शाळेत गेलीय.

सगळे म्हणतात, मम्मीजींकडून बटण दोनदा दाबलं गेलं. त्यांनाही तसंच वाटतंय. डोळ्यांना कमी दिसतं ना. तेव्हापासून गोड सोडलंय त्यांनी – पलक मोठी होईपर्यंत म्हणे. आमच्यात असा त्याग घेतला की घेतला, मागे फिरत नाहीत.

काय? दोन फोनवरून गेले? ते कसं कळतं तुम्हाला – बरं. बरं, असेल. अहो, मी गच्चीवर होते, पापड वाळत टाकत. त्यांनी खालून हाक मारली, "विधी, पलकला दिलं गं!" आणि मी "हो मम्मीजी" म्हणाले. सुनेचं हो कानात शिरायच्या आधीच तोंडातून निघतं. मग खाली आले, आकडा चढलेला दिसला, आणि दिला. आधीचा डोस फोनवर तिथेच लिहिलेला होता हो! पाहिलाच नाही. आणि दवाखान्यात त्या रडत म्हणाल्या, माझ्याच हातून झालं, तेव्हा मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. नुसता हात फिरवला.

तर आता प्रत्येक फोनला वेगळी किल्ली, आणि डोस एकाच फोनवरून? चांगलं आहे. रोनक म्हणालाय, आईचा आधी बंद कर. मी म्हणत होते की –

या ना मम्मीजी, बसा. काही नाही, पासवर्डचंच चाललंय. फोन आणलात? द्या इकडे.

घ्या दादा, ह्यांचा काढून टाका. हो, माझा राहू द्या. झालं? मग निघा तुम्ही, तुमची गाडी चुकेल.