पाणी म्हंजी इश्का

मपलं माहेर येलदरीच्या अंगाला, धरणाच्या खालतं, अन् सासर हे गंगाखेड. नाव शांताबाई. शाळा चौथीपत्तोर, पुढं कोण शिकवायलंय. लग्न झाल्यावर मालकानं अन् मी यष्टी स्टँडाच्या मागं पत्र्याची खानावळ टाकली, ती आजबी चालू हाय. काय सांगू तुमाला, तिथं कोण जेवलं न्हाई, कारखान्याचे लोक, डायवर, कंडक्टर, पूर्णेकडचा रेल्वेचा एक तेलुगू गार्ड यायचा, तो नीळ्ळू नीळ्ळू करायचा, मला लगेच कळलं की पाणी मागायलाय, मंग मीच विचारायचे, नीळ्ळू का अण्णा? ताटावर बसलेल्या माणसाला त्याच्या जबानीत विचारावं, हे कुणी शिकवावं लागत न्हाई, धंद्यात आपोआप येतं. अन् त्याच बाईवर ही येळ यावी, की सख्खी नात पाण्यावाचून रडायली अन् मला कळना. ह्याचा राग हाय मला. तुमी लिहा, राग हाय म्हूनच लिहा.

एकच लेक मपली, वर्षा. मी जल्मभर भाकरी थापल्या पण तिला चुलीपुढं बसू दिलं न्हाई, नर्सिंग शिकवलं. हैद्राबादला दवाखान्यात लागली, तिथं केरळचा एक पोरगा, तो बी नर्स, बाप्या माणूस नर्स असतो हे मला तवाच कळलं, त्याच्यासंग लग्न केलं. आमी आडवं आलो न्हाई. जावई सोन्यासारखा हाय, त्याला नाव ठेवायचं न्हाई मला. पण हिला त्याची मल्याळी येत न्हाई, त्याला हिची मराठी येत न्हाई, मंग घरात इंग्रजी. पुढं दोघं आयर्लंडला गेले, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात नोकरी. इंग्लंडच्या पल्याडचा देश, नुसता वारा अन् पाऊस. हे ज्या गावात ऱ्हातेत तिथल्या लोकाला इंग्रजी येती, पण आपसात त्यांची आयरिश बोली बोलतेत. बालवाडीत बी तीच. म्हंजी आमची नात तारा, घरात इंग्रजी, बालवाडीत आयरिश, अन् मराठी कुठं? मराठी कुठंच न्हाई. बरं बाई.

तारा साडेतीन वर्साची व्हती तवा दोघांच्याबी ड्युट्या पालटून पालटून आल्या, पोरीला बघायला कोण न्हाई, वर्षा म्हणली आई ये. मालक म्हणले जा, खानावळीचं मी बघतो. गेले.

पहिल्याच दिवशी पोरगी बालवाडीतनं आली अन् मपल्यापुढं उभी राहून म्हणली, इश्का. मी म्हणलं काय ग माय? इश्का. आता ती वॉटर म्हणली असती तर मलाबी कळलं असतं, वॉटर कुणाला कळत न्हाई, पण खाणं-पिणं मागायचं ती बालवाडीत शिकली, मंग तोंडात तेच येणार. मी बिस्कूट दिलं, फेकून दिलं. पोळी दिली, ढकलली. नळाकडं बोट केलं, मला वाटलं हात धुवायचेत, मी हात धुतले, तोंड धुतलं, पाय सुद्धा धुतले, ती अजूकच रडायली. रडून रडून तशीच झोपली, व्हट सुकलेले. वर्षा ड्युटीवरून आली, म्हणलं इश्का म्हंजी काय ग? त्या गावात येऊन त्यांना वरीस बी झालं नव्हतं, ती म्हणली, बालवाडीतलं काईतरी असंल, उद्या विचारते. उद्या! अन् गेली आंघोळीला.

दुसऱ्या दिवशी पोरीला बालवाडीत सोडलं अन् पावसातनं बाजूच्या हाटेलात शिरले. नोरा नावाची म्हातारी चालवती, मपल्याच वयाची, कमरेला फडकं. एका गिऱ्हाइकाला तिनं काचंच्या भांड्यातनं पाणी वतलं, तो माणूस म्हणला, इश्का. मी तशीच उठले, भांड्याला हात लावला, म्हणलं इश्का? नोरानं हौ म्हणल्यासारखी मान हलवली, म्हणली, इश्का. पाणी! अवो, पाणी मागायलती पोरगी! मला तिथंच रडू कोसळलं. नोराला वाटलं बाईला लय तहान लागली, तिनं गिलास भरून पुढं केला. मी पिले बी.

तवापासून रोज जायचे. नोराच्या हाटेलात पाटी व्हती, आमच्या बोलीत मागा म्हून. बोटानं दाखवलं की ती कानावर हात ठेवायची, तोंडानं म्हणल्याबिगर चहा न्हाई. दूध म्हंजी बान्या, पाव म्हंजी अरान, चहाचा कप म्हंजी कुपान टे. अन् तू ला त्यांच्यात बी तूच म्हणतेत, बगा. एका सांजेला मी पोरीला इचारलं, अन ओल्ही तू बान्या? दूध पितीस का? पोरगी वळली, मपल्या तोंडाकडं बघतच राहिली, अन् मंग खळखळून हसली अन् मांडीवर येऊन बसली. तवर ती मला बिचकायची.

एका रविवारी वर्षाला संगं नेलं. मी आपलं मागितलं, कुपान टे, तारासाठी बान्या, अरान. वर्षाला लाज वाटायली, आई हळू बोल, लोक बघायलेत. बघू दे की! नोरा तिच्यासंग इंग्रजीत काईतरी बोलली, वर्षानं तिला इश्का इश्का करत पहिल्या दिवसाचं सांगितलं, मंग नोरानं अजूक काई विचारलं, अन् वर्षाचं तोंड लाल झालं. रस्त्यानं विचारलं, काय म्हणली ग? आधी ती सांगंना. मंग म्हणली, ती विचारायलती, नातीला पाणी द्यायला आजीला आमची बोली कामून शिकावी लागली?

मी म्हणलं, दे की जबाब. परकी बाई विचारायलीय, सांग तिला. तर वर्षा म्हणती, आई, तिला मराठीचा काय उपयोग? ती इथंच वाढणार. मी रस्त्यातच थांबले. उपयोग? मपल्यासंग बोलणं हा उपयोग न्हाई का? का आता मी बी निरुपयोगी झाले? ती म्हणली, तूच म्हणायचीस ना, चुलीपासून लांब जा, इंग्रजी शिक, आता मलाच बोल लाव. दिवसभर दुसऱ्याच्या म्हाताऱ्यांचं करून येते, कवा शिकवू? तिचं बी खोटं न्हाई. कष्ट मी बघितलेत तिचे. पण ड्युटीवरून येऊन ती पोरीला निजवायची तवा चार शब्द बोलायचीच की, ते इंग्रजीत बोलायची. तेच मराठीत बोलायला जास्तीचा येळ लागतो का? सांगा तुमीच. जबान काय वेगळी कमवून आणायची असती? आईच्या तोंडातनं लेकराच्या कानात पडती, फुकट.

सहा महिन्यांनी परत आले. आता तारा पाच वर्साची झालीय. आठवड्याला फोनवर दिसती. मी नोराच्या बोलीत विचारते काय खाल्लं, काय पिलं, ती सांगती, हसती. त्याच्या पुढं आमची गाडी जात न्हाई. तिची मैतरीण कोण, अंधाराला भेती का, आईचा मार खाती का, मला काईच विचारता येत न्हाई. खानावळीत गिऱ्हाइकासंग बोलावं तेवढंच मी मपल्या नातीसंग बोलते. वर्षाला किती येळा म्हणलं, रोज एक शब्द दे, एकच. हौ हौ म्हणती.

परवा फोन लावला तर पोरगी रडायलती. डोळे सुजलेले, हुंदक्यावर हुंदके, अन् मपल्याकडं बघून काई-काई सांगायली, भडाभडा, सगळं इंग्रजीत. वर्षा कामाच्या गडबडीत, फोन टेबलावर टेकवून आत गेलेली. मी वर्षा वर्षा हाका मारल्या. पोरगी थांबली, मपल्या तोंडाकडं बघायली, आजी काय म्हणती म्हून. अन् मला काय म्हणता आलं? अन ओल्ही तू बान्या? तिनं मान हलवली, न्हाई. अन् उठून गेली.

फोन तसाच चालू, पुढं रिकामी खुर्ची. मी म्हणलं, सुखी ऱ्हा ग माय, कुणाचीबी नजर न लागो तुला. मराठीतच म्हणलं. मला दुसरं येत न्हाई.