वरचे खाली अडकले तेव्हा

…आणि दरवेळी मीच! तुम्हाला सांगतो, आमच्या डोंगर बचाव पथकात एकवीस माणसं आहेत, एकवीस! त्यात एक बेकरीवाला आहे, दोन काखांत दोन पिठाची पोती धरून जिना चढतो, पण कड्यावरून कुणाला खाली सोडायची वेळ आली की चाळीसच्या चाळीस डोळे माझ्याकडे वळतात. का? तर म्हणे मी हलका! बावन्न किलो. बूट घालून. ओले बूट घालून! अरे, हलका असणं हा काय गुन्हा आहे? धंद्याने मी चष्मेवाला, दिवसभर खुर्चीत बसून लोकांना "आता शेवटची ओळ वाचा" म्हणणारा माणूस, माझा आणि कड्याचा संबंध काय? पण एकदा पथकात नाव घातलं ना… बोलणार कुणाला!

त्यात आमच्या पथकाच्या प्रमुख म्हणजे बाई. शाळेत पीटी शिकवतात. त्यांनी नुसतं "हं" म्हटलं तरी माणूस सावधानमध्ये उभा राहतो. माझा डॉक्टरसुद्धा त्यांच्या समोर पोट आत घेतो हो!

तर त्या रविवारी काय झालं. सकाळचे अकरा. मी घरी गादीची खोळ बदलत होतो. खोळ बदलणं म्हणजे काय असतं ते ज्याने बदललीय त्यालाच ठाऊक, अर्धा मी खोळीच्या आत, अर्धा बाहेर, आणि तेवढ्यात फोन कोकलला. पथकाचा संदेश. "साठीच्या पुढचे गृहस्थ पायवाटेवरून घसरून खालच्या कपारीवर पडले आहेत. ताबडतोब या." बायको म्हणाली, "अहो, खोळ?" मी म्हटलं, "माणूस पडलाय!" ती म्हणाली, "दर रविवारी बरा माणूस पडतो, खोळ बदलायच्याच दिवशी!" आता हिला काय सांगायचं, की मी काय डोंगरावर जाऊन लोकांना ढकलून येतो? बोलणार कुणाला!

गेलो. वाट नेहमीची, पण वारा असा की टोपी डोक्यावर ठेवायला एक हात कायमचा गेला. बाई आधीच कड्याच्या काठावर पालथ्या पडून खाली बघत होत्या. तीस-एक मीटर खाली एक कपार, पलंगाएवढी, आणि तिच्यावर पिवळा रेनकोट घातलेला माणूस. समोरच्या डोंगरावरून धुकं सरकत येतंय, त्यामुळे हेलिकॉप्टर विसरायचं. स्ट्रेचरवाली मंडळी पलीकडच्या घळीतून वर येणार, त्यांना दोन तास. तोवर कुणीतरी खाली जाऊन त्या माणसाला ऊब द्यायची, पाय बांधायचा आणि जागं ठेवायचं. बाई म्हणाल्या, "दगड सैल आहेत. जड माणूस सोडला तर सगळा ढिगारा पेशंटच्या डोक्यावर. हलकं कोण आहे?"

हे काय विचारणं झालं? जणू काही पथकातल्या प्रत्येकाचं तिथे वजनच करणार होत्या!

उतरवलं मला. दोर बेकरीवाल्याच्या हातात. चांगला माणूस, पण दोर सोडताना शिट्टी वाजवतो. अहो, खाली एक जीव लोंबकळतोय, तुझी शिट्टी कसली! त्यात माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल राहिलं होतं, ते मला कळलंच नाही. मी उतरतोय, पाणी ठिबकतंय, आणि खालून आवाज आला, "अहो वर कोण आहे! पाणी पडतंय अंगावर!"

आवाज ओळखीचा वाटला. पण चेहरा काही ओळखू येईना. वरून दिसत होतं फक्त टक्कल. गुळगुळीत, मध्ये एक तीळ. हे टक्कल मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. मग मी कपारीला टेकलो, माझा पाय घसरला, खडकाला टेकून बसलेल्या त्या माणसाच्या पायाशी बदकन आडवा झालो आणि मान वर करून पाहिलं… आणि दोन नाकपुड्या दिसल्या. तुम्हाला सांगतो, त्या नाकपुड्या मी हजारांत ओळखेन! अकरा वर्षं मी माझ्या गॅलरीतून त्याच नाकपुड्या बघत आलोय. आमच्या डोक्यावरच्या घरातले, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आमचे 'वरचे'!

आता हे 'वरचे' काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. त्यांना कुंड्यांचा नाद. गॅलरीत बत्तीस कुंड्या. त्यांना सकाळी पाणी घालणार, आणि ते पाणी आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर गळणार. नुसतं पाणी नाही, माती घातलेलं पाणी! मी एकदा म्हटलं, "अहो, पाणी खाली येतंय." तर म्हणाले, "पाणी खालीच जातं. वर गेलेलं तुम्ही कधी पाहिलंय?" झालं! त्या दिवसापासून बोलणं बंद. अकरा वर्षं! जिन्यात समोरासमोर आलो तर ते भिंतीकडे बघणार आणि मी कठड्याकडे. आमच्या बायका मात्र सख्ख्या बहिणींसारख्या. वरच्यांना काही निरोप द्यायचा असेल तर तो वरच्या वहिनींकडून आमच्या हिच्याकडे, हिच्याकडून माझ्याकडे, माझं उत्तर परत त्याच वाटेने वर. आणि वाटेत त्यात दोघींची भर!

आणि आता आम्ही दोघे एका पलंगाएवढ्या कपारीवर. ना भिंत, ना कठडा. बघायचं कुठे?

वॉकीटॉकी खरखरला. बाई. "पेशंटशी बोल. नाव विचार."

मी म्हटलं, "बाई, नाव मला माहीत आहे."

"मग कुठे दुखतंय ते विचार."

"बाई… ते विचारता येणार नाही."

"का?"

"आमचं बोलणं नाही."

मग मागून बेकरीवाल्याचं हसू, खीः खीः खीः, आणि त्याबरोबर माझा दोर हलतोय! बाई गरजल्या, "काय पोरखेळ लावलाय? विचार!"

मी वॉकीटॉकी तोंडाशी धरून म्हटलं, "बाई, त्यांना विचारा, पाय कुठे दुखतोय." बाई तिकडून ओरडल्या, "पाय कुठे दुखतोय?" वरचे माझ्या हातातल्या यंत्राकडे बघून म्हणाले, "बाई, त्यांना सांगा, डावा मोडलाय. ते उजवा बांधतायत."

तुम्हीच सांगा, माणसाने पाय दुसरा पुढे केला तर मी काय करणार? सोडला उजवा, बांधला डावा. घोटा टोमॅटोसारखा सुजलेला. बूट काढायचा नाही, दोन्ही बाजूंनी फळ्या लावायच्या, मध्ये कापड. वरच्यांनी दात आवळून धरले, ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, त्यांना सांगा, हात हलका आहे." आता ही तारीफ की टोमणा? आणि विचारायचं तरी कसं? बोलणार कुणाला!

पाच-सात मिनिटं असं चाललं आणि बाई भडकल्या. "ती बॅटरी तुमच्या भांडणासाठी नाही! स्ट्रेचरवाल्यांना लागणार आहे. दोघे तोंडाने बोला!" आणि खट्. बंद.

मग नुसता वारा.

मी चंदेरी पांघरूण काढलं, त्यांना गुंडाळलं, पाठीमागे माझी सॅक लावली, माझं जाकीट त्यांच्या पायांवर टाकलं. ते थंडीने थरथरत होते. सकाळी सातपासून तिथे पडलेले, चार तासांहून जास्त. हातात मुळासकट उपटलेलं एक नेच्याचं रोप. त्या रोपासाठी वाकले आणि घसरले! पाय मोडला, पण रोप सोडलं नाही. मला म्हणावंसं वाटलं, 'तेहेतिसावी कुंडी का?' पण जीभ उचलेना. अकरा वर्षांची सवय हो. जीभसुद्धा गंजते.

तेवढ्यात धुकं आलं. पांढरं फटक. वर बघावं तर कडा नाही, खाली बघावं तर काहीच नाही. आणि मग मला जाणवलं, की वरच्यांचं थरथरणं थांबलंय.

आता तुम्हाला वाटेल, बरं झालं की! नाही. थंडीत थरथरणारा माणूस चांगला. थरथरणं थांबलं आणि डोळे मिटायला लागले की समजायचं, गाडी उताराला लागली. हे बाईंनी आम्हाला शंभर वेळा घोकून घेतलंय. मी त्यांच्या खांद्याला हलवलं. "अहो…" काही नाही. "अहो वरचे!" एक डोळा अर्धा उघडला, परत मिटला. गाल चोळले, हात चोळले. "अहो, झोपू नका! वहिनी वाट बघतायत!" हुं नाही की चूं नाही. चेहरा मेणासारखा.

खरं सांगतो, त्या क्षणी मी घाबरलो. इतकी वर्षं मी या माणसाच्या नावाने बोटं मोडली, आणि आता तो माझ्याच मांडीवर डोकं ठेवून… मी वहिनींना काय तोंड दाखवू? मला दुसरं काही सुचेना. मी त्यांच्या कानाशी गेलो आणि ओरडलो, "तुमच्या त्या कुंड्या! एकेक मरतुकडं झुडूप!"

डोळा उघडला.

"काय म्हणालात?"

"मरतुकडं! बत्तीसच्या बत्तीस! आणि पाणी घालता की पूर आणता?"

"मरतुकडं?" दुसरा डोळा उघडला. "माझ्या शेवंतीला बक्षीस मिळालंय!"

"मग परीक्षकांना माझ्याकडे पाठवा, चष्मा बदलून देतो!"

"तुम्ही? तुम्ही दिलेल्या चष्म्यातून माझ्या बायकोला एकाचे दोन दिसतात!"

"तुमच्यासारखा एक सहन होत नाही, त्यात दोन! बिचाऱ्या वहिनी!"

अहो, काय भांडलो आम्ही! अकरा वर्षांचं तुंबलेलं! चादरी निघाल्या, जिन्यातला दिवा निघाला, पहाटे खुर्ची सरकवणं निघालं, माझं घोरणं निघालं. वरपर्यंत ऐकू जातं म्हणे! गालांवर लाली चढली, हात हलायला लागले, आणि बघता बघता थरथर परत सुरू झाली. ती थरथर बघून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, की मी आणखी चार शिव्या जास्तीच्या दिल्या!

आणि तेवढ्यात धुक्यातून हाक आली. "ओरडत राहा! थांबू नका! आवाजावर येतोय!" स्ट्रेचरवाले! त्यांना धुक्यात कपार सापडत नव्हती, आमच्या भांडणाचा माग काढत चालले होते. आता आली का पंचाईत? भांडण खरं असेपर्यंत ठीक, पण 'भांडा' म्हटल्यावर काय भांडणार? मुद्देच संपले हो!

मग वरच्यांनी माझी बाही धरली. हळूच म्हणाले, "मी तीनदा खाली आलो होतो."

"कधी?"

"भांडण झालं त्याच महिन्यात. माफी मागायला. तिन्ही वेळा तुमच्याकडच्या वहिनींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, 'ते डोंगरावर गेलेत.' मला वाटलं, तुम्ही आत लपून बसलाय आणि त्यांना खोटं सांगायला लावताय. वहिनींना म्हटलं, आलो होतो ते सांगू नका, जाऊ दे. एवढा माज असेल तर असो."

मी म्हटलं, "अहो, मी खरंच डोंगरावर असायचो."

ते माझ्या कमरेच्या दोराकडे बघत म्हणाले, "आज दिसलं."

मी त्यांच्या खांद्यावरचं पांघरूण नीट केलं. आणि तिकडे धुक्यातून स्ट्रेचरवाले ओरडतायत, "आवाज! आवाज द्या की!" शेवटी आम्ही दोघांनी मिळून ओरडायला सुरुवात केली. काय ओरडलो? त्यांनी टपाल खात्यातले पिनकोड, मी चष्म्याचे नंबर!

आले, बांधले, उतरवले. पायथ्याशी वरच्या वहिनी आणि आमची ही. वहिनींनी आधी नवऱ्याला मिठी मारली, मग माझ्याकडे बघून विचारलं, "बोललात का दोघे?" तोवर कड्यावरून उतरून स्ट्रेचरचं पुढचं टोक धरलेला बेकरीवाला म्हणाला, "वहिनी, अख्ख्या डोंगराने ऐकलंय!"

आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड. थांबा. वरच्यांच्या पायात सळई घातली, तीन महिन्यांत काठीवर चालायला लागले, आणि एके दिवशी थेट बाईंच्या पुढ्यात उभे. "मलाही पथकात घ्या." मी मनात म्हटलं, साठी उलटलेला, पायात सळई, बाई कशाला घेतायत! बाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "चढता येणार नाही. पण आवाज खणखणीत आहे. वॉकीटॉकीवर बसा."

झालं! अकरा वर्षांची शांतता गेली ती गेलीच. आता कड्यावर मी आणि कानात ते. "खालचे, डावीकडे सरका. खालचे, वारा सुटलाय, मफलर गुंडाळला का? खालचे, आमचे जावई काय म्हणाले माहितीये?" अहो, मी नखांवर लटकतोय, मला तुमच्या जावयाचं काय! यंत्राला बंद करायचं बटण आहे, पण बाईंचा नियम, कामावर असताना यंत्र बंद करायचं नाही. बोलणार कुणाला!

परवा एक कॉलेजातली मुलगी अडकली होती अशीच एका टोकावर. रडून रडून डोळे सुजलेले. मी तिच्याजवळ पोचलो, दोर बांधायला लागलो, तर माझ्या खांद्यावरच्या यंत्रातून आवाज, "घाबरू नको बाळ, सगळं ठीक होणार आहे. मी आहे." मुलगी दचकली. म्हणाली, "काका, हे कोण बोलतंय?"

मी कामात होतो, पटकन बोलून गेलो, "आमचे वरचे."

तिने आभाळाकडे बघितलं आणि डोळे मिटून दोन्ही हात जोडले!

मी म्हटलं, "जोड बाळ, जोड. पण काही मागू नकोस… त्यांना फक्त बोलायची सवय आहे, ऐकायची नाही!"