सतरा जणांचा डावा गुडघा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, वसाहत समितीच्या प्रमुख हुआंग ताई. व्यासपीठावरील सत्कारमूर्ती, आमच्या ताइचीच्या गुरू फेंग बाई. त्यांना न्यायला झेंगझोउहून आलेले त्यांचे चिरंजीव. आणि सूर्यफुलाच्या बिया सोलत सोलत का होईना, पण ऐकायला बसलेल्या लुओयांगच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. एकतीस वर्षं बस डेपोत घड्याळ बघून गाड्या सोडल्या, तेव्हा वेळ पाळेन. एका जागी उभं राहून बोलणं मात्र जमणार नाही. आमच्या मंडळी म्हणतात, याच्या पायाला भिंगरी आहे. मी फिरायला लागलो तर हुआंग ताई, कोट ओढू नका, शिवण उसवली आहे.

बाईंचे उपकार किती सांगू? निवृत्त झालो आणि घरातल्या घरात येरझाऱ्या घालू लागलो. झोप नाही, रक्तदाब चढलेला, त्यात न्हाणीघरात दोनदा पडलो. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या आणि ताइचीला जा. पहिल्या दिवशी मी चोवीसच्या चोवीस हालचाली तीन मिनिटांत उरकल्या. बाई म्हणाल्या, "लियांग, बस सुटली, पण प्रवासी थांब्यावरच राहिले."

त्यांनी मला काय शिकवलं? आधी पायावरचं वजन काढायचं, मग पाय उचलायचा. बास. पण नऊ वर्षांत मी एकदाही पडलो नाही. झोप लागायला लागली, डॉक्टरांनीच गोळ्या निम्म्या केल्या. आमच्या मंडळींचं म्हणणं असं, की हल्ली भांडताना हा मधे श्वास घेतो, तेवढ्यात मला बोलून घेता येतं.

मग इतकं सगळं छान चाललेलं असताना बाई थांबताहेत का? निमंत्रणपत्रिकेत छापलंय, वयोमानानुसार. एकाहत्तर हे काय थांबायचं वय आहे? आमच्या रांगेतले झाओ आजोबा अठ्ठ्याऐंशीचे आहेत. तेव्हा पत्रिकेत छापलेलं खोटं आहे. ताई, माफ करा, पण आहे.

खरं कारण दोन महिन्यांपूर्वीची ज्येष्ठांची स्पर्धा. ताइची जिथे जन्मली ते गाव आपल्यापासून दोन तासांवर, परीक्षक तिथले. आम्ही सतरा जण रांगेत उभे. ‘माकडाला परतवणं’ नावाची हालचाल आली की आम्ही मागे सरताना डाव्या पायावर जरा थबकतो, अर्धं पाऊल टाकतो आणि मग पूर्ण. सतरा जण, एका तालात. परीक्षकांनी माइकवरून विचारलं, "या संघात सगळ्यांचाच डावा गुडघा दुखतो का?"

सभागृह हसलं. आम्हीही हसलो, गाढवासारखे. बाई हसल्या नाहीत. आपण नऊ वर्षं जे दुखणं लपवलं, ते शिष्यांनी मन लावून पाठ केलंय, हे त्यांना तिथे कळलं. दुसऱ्या दिवसापासून त्या सरावाला बागेत आल्या नाहीत.

"लियांग, जाऊ द्या ते." ऐकलंत? बाई म्हणताहेत जाऊ द्या. नाही बाई, आज नाही.

मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी बागेतल्या बाकावर मी बाईंना गुडघ्याला औषधाची पट्टी लावताना पाहिलं. म्हणाल्या, "कुणाला बोलू नका. शिकणाऱ्यांचा विश्वास उडतो." मी बोललो नाही, ते ठीक. पण ते अर्धं पाऊल ताइचीतलं नव्हे, हे मला त्याच दिवशी उमगलं, आणि तरी मी ते टाकत राहिलो. का? तर मला ते सोपं जायचं. आणि स्पर्धेत नाव कोणी दिलं? बाई नको नको म्हणत होत्या. "आपण अंगासाठी करतो, पदकासाठी नाही," असं म्हणाल्या. मी परस्पर अर्ज भरून मोकळा झालो. हौस माझी आणि हसं झालं त्यांचं.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. महिनाभर मीही बागेत फिरकलो नाही. झोप गेली, गोळ्या पुन्हा पहिल्याइतक्या झाल्या. ताइचीचे फायदे कुणाला पाहायचे असतील तर ती सोडल्यावर माझं काय झालं ते पाहा.

"श्वास घ्या, लियांग." घेतो, बाई.

चिरंजीव, आईला जरूर न्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घ्या. पण निरोपाचं हे भाषण मी अर्ध्यावर सोडतोय. आम्ही सतरा जण त्याच परीक्षकांकडे नाक मुठीत धरून गेलो आणि खरं पाऊल शिकून आलो. ताइचीत चारी दिशांना वळावं लागतं, म्हणून जाणकार चार कोपऱ्यांत उभे राहतात आणि नवशिके मधे, म्हणजे कुठेही वळलं तरी समोर कुणीतरी दिसतं. कोपरे आम्ही धरलेत. मधली जागा रिकामी ठेवली आहे. शस्त्रक्रियेनंतर तुम्हाला पाऊल नव्याने टाकावं लागेल, बाई. शिकवायला नका येऊ. शिकायला या.

हुआंग ताईंनी हे सभागृह दिलं, स्वयंपाकघरातल्या बायकांनी इतकी मोमोजची ताटं केली, सर्वांचे आभार. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. हे म्हणायची रीत आहे, म्हणून म्हटलं. बाई, तुम्हाला मात्र मी खरोखर विचारतोय. मला माफ कराल ना?