नगराध्यक्षांचा तारा

— नाही हो, होफरसाहेब, बसा आरामात, सूप घ्या, जवाचं आहे. आणि असं चोरून काय बघता, सरळ बघा ना — चाळिशी उलटलीय, दोन दाढा गेल्यात, बाकी बाई शाबूत आहे! तुम्ही ट्युबिंगेनहून आलात ते वेधशाळेच्या नोकरीसाठी, आणि खाली नगरसभेच्या कारकुनाने तुमच्या कानात काय घातलं तेही मला ठाऊक आहे. आमच्या गावात तांबट मेला की त्याची भट्टी ज्याला हवी त्याने त्याच्या विधवेशी लग्नही करायचं, पाद्री मेला तरी तेच — मग खगोलशास्त्री कसा सुटेल? सभेला विधवा पोसायला नको, तुम्हाला दुर्बीण हवी, आणि मला — मला हा मनोरा सोडायचा नाही. तुम्ही नाही म्हणालात तर सप्टेंबरअखेर, संत मिकेलच्या सणाला, माझं बोचकं बहिणीच्या दारात. तिच्याकडे रोज टोमणे खायचे आणि तिची मुलं सांभाळायची. झालं, सांगून टाकलं.

आमचे हे? कसे होते म्हणजे? विद्वान होते म्हणे! वर बघून बघून मान अशी झाली होती की जेवतानाही छताशी बोलायचे. बटणं कधी सरळ लावली नाहीत. आणि तो तारा — ऐकलं असेलच तुम्ही, नगराध्यक्ष प्राख्ट यांच्या नावाचा नवा तारा! नोकरी नवी, दुर्बीण नवी, त्यात नगराध्यक्षांचा वाढदिवस तोंडावर — ह्यांना तारा दिसला, आणि सकाळी चौकात दवंडी! मग? मग काय, चार दिवसांनी दुर्बिणीची काच पुसली आणि तारा गेला. डाग होता हो, डाग! आता दर वाढदिवसाला सभेला काय दाखवायचं? कुठलाही दाखवायचा! सगळे बिअर पिऊन, धापा टाकत जिना चढतात, एक डोळा मिटतात — निम्मे तर मिटलेलाच डोळा नळीला लावतात — आणि ‘वा, काय तेज!’ एका कसायाला तर त्यात नगराध्यक्षांचा करारीपणा दिसला. करारीपणा!... अगं बाई. हे मी लग्नानंतर सांगणार होते, हुंडा म्हणून. जीभ मेली थांबत नाही.

हसताय? हसा, हसण्यासारखंच आहे. काय म्हणालात? — मग कामच नाही? वर्षातून एकदा कुठलाही ठिपका दाखवायचा आणि बाकी रात्री ढाराढूर? आणि म्हणून हो म्हणताय? मला? चक्क हो?

थांबा. चमचा ठेवा खाली.

आमचे हे एक रात्र खोटं बोलायचे ना, तर उरलेलं वर्ष तो तारा शोधायचे. डाग होता हे माझ्याइतकंच त्यांनाही कळत होतं — तरी शोधायचे! म्हणायचे, ऊर्सुला, आकाश एवढं मोठं, असेलही कुठेतरी, मग मी खोटा ठरणार नाही. हिवाळ्यात बोटं टम्म सुजायची, मी कोबीची पानं बांधायची आणि शिव्या घालायची, गाढव म्हणायची, रोज. गाढवच होते. खोकून खोकून गेले, तरी शेवटच्या आठवड्यातही दोन नोकरांच्या खांद्यावर हात टाकून वर गेले. मला फार आवडायचे हो ते. कधी बोलले नाही त्यांना, आणि तुम्हाला कशाला सांगतेय?

उठा. नाही, थट्टा नाही, उठा. कारकुनाला सांगा, बाई तोंडाळ आहे, म्हातारी आहे, काय हवं ते सांगा. मी नाही म्हटलं की मला पोसण्यातून सभा सुटली, मनोरा तुम्हाला देतीलही. घ्या, खुशाल घ्या, झोपा काढा. पण माझ्या हातचं जेवून नाही, आणि ‘आमचे हे’ मी तुम्हाला कधी म्हणणार नाही.

असे बघत काय उभे राहिलात? ती टोपी घ्या. निघा आता — मला सामान बांधायचंय.